पाच मीटरचा पोल कोणत्या डब्यात ठेवायचा? : रेल्वे बोर्डाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, रेल्वे बोर्ड,
रेल भवन, नवी दिल्ली.

प्रत माहितीसाठी : केंद्रीय युवक कार्य व क्रीडा मंत्रालय, भारतीय ॲथलेटिक्स महासंघ.

महोदय,

जानेवारी २०२६ मध्ये देव मीणा आणि कुलदीप यादव हे पोल व्हॉल्टचे, म्हणजे लांब पोलाच्या आधाराने उंच आडवी दांडी ओलांडण्याच्या खेळाचे, दोन खेळाडू मंगळुरूकडची आंतरविद्यापीठ स्पर्धा आटोपून भोपाळला परत निघाले होते. सोबतच्या पोलांवरून त्यांना पनवेल स्थानकावर गाडीतून उतरवण्यात आले. काही तास ते पोल सांभाळत फलाटावर बसून राहिले आणि दंड भरल्यावरच त्यांना पुढे जाता आले. त्यांची चित्रफीत देशभर पाहिली गेली, चार दिवस हळहळ व्यक्त झाली आणि मग लोक दुसऱ्या विषयाकडे वळले. मला तसे वळता येत नाही, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी शाळेत क्रीडाशिक्षक होतो. निवृत्तीनंतरही सकाळ-संध्याकाळ मैदानावर असतो आणि मुलामुलींना पोल व्हॉल्ट शिकवतो. मल्लखांब करणारी मुले या खेळाला लवकर रुळतात, कारण उलटे होऊन स्वतःचे वजन हातांवर तोलण्याची त्यांना भीती नसते. त्यामुळे आमच्या भागात या खेळाला मुले कमी पडत नाहीत. ती जिल्ह्याबाहेर खेळायला निघाली की अडचण सुरू होते, आणि ती अडचण बहुतेक वेळा आपल्या फलाटावर उभी असते. पनवेलला जे घडले ते आम्हा प्रशिक्षकांना नवे नव्हते. त्या दिवशी अडवलेल्यांपैकी देव मीणाच्या नावावर राष्ट्रीय विक्रम होता, म्हणून त्याची बातमी झाली. सतरा वर्षांच्या शाळकरी मुलीला अडवले तर तिची बातमी होत नाही.

देव मीणाची वाटचाल मी सुरुवातीपासून बारकाईने पाहत आलो आहे. मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातला हा मुलगा भोपाळच्या क्रीडा अकादमीत तयार झाला. तमिळनाडूच्या शिवा सुब्रमण्यम याने २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत गांधीनगरला ५.३१ मीटरचा राष्ट्रीय विक्रम केला होता. देवने फेब्रुवारी २०२५ मध्ये डेहराडूनच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत ५.३२ मीटर उडी मारून तो मोडला आणि एप्रिलमध्ये कोचीच्या फेडरेशन चषक स्पर्धेत ५.३५ मीटरवर नेला. महोदय, भोपाळ, डेहराडून आणि कोची ही नावे नकाशावर ठेवून पाहावीत. भारतात पोल व्हॉल्टची कारकीर्द करायची म्हणजे आयुष्याची आठ-दहा उमेदीची वर्षे पाच मीटर लांबीचे सामान घेऊन हा देश उभा-आडवा पालथा घालायचा. विमान कंपन्या इतकी लांब वस्तू सहसा घेत नाहीत किंवा वेगळा माल म्हणून पाठवायला सांगतात, आणि खासगी वाहनाचा खर्च शेतकऱ्याच्या घराला झेपत नाही. उरते ती रेल्वे.

हा खेळ जवळून न पाहिलेल्या माणसाला वाटते की काठी ती काठी, स्पर्धेच्या गावी पोहोचल्यावर कोणाची तरी मागून घ्यावी. आपल्याच एका कर्मचाऱ्याने मला हा सल्ला दिला होता आणि त्यात कुचेष्टा नव्हती, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. प्रत्येक पोलावर त्याची लांबी आणि तो किती वजनाच्या खेळाडूसाठी बनवला आहे हे छापलेले असते. पन्नास किलोच्या मुलीने त्याहून हलक्या खेळाडूचा मऊ पोल घेतला, तर टेक-ऑफनंतर तो जास्त वाकून हवेतच तुटू शकतो. पासष्ट किलोच्या मुलाचा कडक पोल घेतला, तर तो तिच्या वेगाने पुरेसा वाकतच नाही आणि तिला पुढच्या गादीवर नेण्याऐवजी मागे रनवेवर फेकतो. त्यातून वारा पाठीमागून असला किंवा धाव चांगली बसू लागली, की त्याच स्पर्धेत एक पोल बाजूला ठेवून दुसरा, जरा कडक पोल उचलावा लागतो. म्हणून खेळाडू एक पोल नेत नाही, पोलांची मोळी नेतो. स्पर्धेचे हे पोल अखंड असतात, त्यांची घडी होत नाही. स्वीडनच्या मोंडो डुप्लांटिसने सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत ६.३० मीटरचा विश्वविक्रम केला. त्याचे विक्रम बहुधा एकेका सेंटिमीटरने वाढत गेले आहेत. ज्या खेळात एका सेंटिमीटरला एवढी किंमत आहे, तिथे परक्याच्या पोलावर भागवून घ्या असे सांगणे म्हणजे खेळूच नका असे सांगणे होय.

स्वतःचा नेमका पोल हाताशी नसेल तर काय होते, याचे जगाने पाहिलेले उदाहरण २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमधले आहे. ब्राझीलची फाबियाना मुरेर महिलांच्या अंतिम फेरीत होती. पुढच्या उंचीसाठी तिला हवा असलेला पोल आयोजकांकडून कुठेतरी गहाळ झाला. ती पोलांच्या पिशव्यांमध्ये स्वतः शोधत फिरली, पंचांशी वाद घातला, स्पर्धा थांबवण्याचा प्रयत्न केला, पण पोल सापडला नाही. शेवटी दुसऱ्या पोलाने उडी मारावी लागली आणि ती दहाव्या क्रमांकावर राहिली. रशियाच्या येलेना इसिनबायेवाने त्या दिवशी ५.०५ मीटरचा विश्वविक्रम करून सुवर्णपदक जिंकले, म्हणून मुरेरची कथा तळटीपेत गेली. हीच मुरेर तीन वर्षांनी, २०११ मध्ये दक्षिण कोरियातल्या देगू येथे ४.८५ मीटर उडी मारून विश्वविजेती झाली. म्हणजे खेळाडूत काही कमी नव्हते. कमी होता एक पोल, आणि तो सांभाळण्याची जबाबदारी तिची नव्हती.

आता आमच्या तक्रारी मांडतो.

पहिली तक्रार नियमाच्या संदिग्धतेची आहे. स्लीपरच्या प्रवाशाला ४० किलो सामान विनाशुल्क नेता येते. आमची अख्खी मोळी त्याच्या निम्म्याइतकीही भरत नाही. डब्यात नेण्याच्या ट्रंकेसाठी १०० × ६० × २५ सेंटिमीटर ही मर्यादा आहे आणि त्याहून मोठे सामान ब्रेक व्हॅनमध्ये, म्हणजे गाडीच्या सामानाच्या डब्यात, द्यावे, असे नियम सांगतो. ट्रंकेसाठी तो योग्यच आहे. पण पाच मीटर लांब, मनगटापेक्षा बारीक आणि दोन-तीन किलो वजनाची वस्तू नियम करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नव्हती, त्यामुळे प्रत्येक स्थानकावर नवा कायदा असतो. एका ठिकाणी पोल लगेज म्हणून घेतात. दुसऱ्या ठिकाणी सांगतात की हे पार्सल आहे, आदल्या दिवशी आणून टाकायला हवे होते. तिसऱ्या ठिकाणचा टीसी भला माणूस असतो आणि म्हणतो, "घेऊन जा हो मास्तर, पण पुढच्या डिव्हिजनला टीसी मी नसणार." एका पावतीवर तर वस्तूचे वर्णन या रकान्यात "प्लास्टिक पाइप" असे लिहून मिळाले होते. आम्ही हसलो, कारण त्या दिवशी गाडी चुकली नव्हती.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. पोल ब्रेक व्हॅनसाठी दिला, तरी तो खेळाडूच्याच गाडीने जाईल आणि त्याच स्थानकावर उतरेल याची हमी कोणी घेत नाही. माझी एक विद्यार्थिनी राज्याबाहेरच्या कनिष्ठ गटाच्या स्पर्धेला निघाली होती. पोल रीतसर नोंदवून दिले होते. मधल्या एका जंक्शनवर गाडी बदलायची होती. मुलगी उतरली, पोल उतरले नाहीत. गाडीचा थांबा थोडा, पोल इतर मालाच्या खाली गेलेले, आणि उतरवून घ्यायला माणूस नाही. स्पर्धेच्या दिवशी तिने दुसऱ्या जिल्ह्यातल्या मुलीचा पोल मागून घेतला. तो तिच्यासाठी कडक होता. सुरुवातीच्याच उंचीवर तिचे तिन्ही प्रयत्न हुकले आणि निकालपत्रात तिच्या नावापुढे आकड्याऐवजी "नो मार्क" आले. त्यापेक्षा बरीच मोठी उंची ती घरच्या मैदानावर सरावात सहज ओलांडत असे.

ते पोल पुढच्या आठवड्यात परत मिळाले. आमच्याकडे पोल परत आला की तो आधी तपासायची पद्धत आहे. बाहेरची पीव्हीसीची नळी काढायची, टोकांना बांधलेले सायकलच्या ट्यूबचे तुकडे सोडायचे, जुन्या सतरंजीचे आवरण उलगडायचे आणि मग अंगठ्याचे नख पोलावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवत न्यायचे. डोळ्याला न दिसणारा ओरखडा नखाला लागतो. त्या दिवशी मुलीचे नख मधल्या भागात अडकले. तिने तीच जागा दोनदा चाचपली आणि पोल माझ्याकडे दिला. काचतंतूच्या पोलाला मध्यभागी खाच पडली की भार येताच तो तिथून फुटण्याचा धोका असतो, आणि त्या क्षणी मूल जमिनीपासून उंच, उलट्या अवस्थेत असते. तो पोल मी पुन्हा कोणाला वापरू दिला नाही. आता उंच उडीच्या सरावात बार म्हणून त्याचा उपयोग होतो.

तिसरी तक्रार भरपाईची. ब्रेक व्हॅनमध्ये दिलेल्या लगेजचे नुकसान झाले आणि त्याची किंमत आधी जाहीर करून त्यावरचे जादा शुल्क भरलेले नसेल, तर रेल्वेची जबाबदारी किलोमागे १०० रुपयांपुरती मर्यादित आहे. नियम वजनावर चालतो, त्यामुळे अडीच किलोच्या पोलाचे अडीचशे रुपये होतात. परदेशातून मागवलेल्या पोलाची किंमत, वाहतूक आणि सीमाशुल्क यांचा हिशेब आपण एकदा आपल्याच खेळाडूंकडून मागवून घ्यावा. किंमत जाहीर करण्याची सोय आहे हे मला मान्य आहे. पण ती किती पालकांना ठाऊक असते आणि गाडी सुटायच्या गडबडीत खिडकीवरचा कोणता कर्मचारी ती आपणहून सांगतो?

वागणुकीबद्दल फार लिहीत नाही. दंड हा शेवटचा उपाय असावा, पहिला नव्हे, एवढेच म्हणेन. आणि दंड घेतल्यावर तरी पोल कुठे ठेवायचा ते सांगावे.

हे सारे आपल्याला लिहिताना मनाला एक गोष्ट विशेष खटकते. खेळाडूंना नोकरी देण्यात आणि त्यांना खेळत ठेवण्यात रेल्वेने जे केले आहे, ते देशातल्या दुसऱ्या कुठल्या संस्थेने क्वचितच केले असेल. रेल्वेचे क्रीडा मंडळ १९२८ पासून काम करते आहे. ॲथलेटिक्सच्या राष्ट्रीय स्पर्धांत रेल्वेचा संघ आला की बाकीचे संघ दुसऱ्या क्रमांकाचा विचार करू लागतात. आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळे याने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीच्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक जिंकले, तेव्हा तो मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. पनवेलही मध्य रेल्वेतच येते. ज्या खात्याचा तपासनीस ऑलिम्पिकचे पदक आणतो, त्या खात्याला खेळाचे साहित्य म्हणजे काय हे समजावून सांगावे लागू नये.

आपली बाजूही मी समजू शकतो. विद्युत मार्गावर डोक्यावरच्या तारेत २५,००० व्होल्टचा दाब असतो. फलाटावर कोणी पाच मीटरचा पोल उभा धरला तर जिवावर बेतू शकते, आणि मी मुलांना स्थानकाच्या आवारात पोल कायम आडवा, दोघांनी मिळून धरायला शिकवतो. डब्यातल्या प्रवाशांचाही राग खोटा नसतो. साध्या स्लीपरच्या आपत्कालीन खिडकीतून पोल आत घ्यायचे, बर्थच्या साखळ्यांना सुतळीने बांधायचे आणि रात्रभर येणाऱ्या-जाणाऱ्यांची बोलणी खायची, हे आम्ही केले आहे. खिडकीच्या गजांना बाहेरून पोल बांधून नेणारे खेळाडूही मी पाहिले आहेत. ते धोक्याचे आहे आणि बंदच व्हायला हवे. वातानुकूलित डब्यात तर तेही शक्य नाही, आणि साधे डबे दिवसेंदिवस कमी होत आहेत. म्हणून डब्यात पोल नेण्याची परवानगी आम्ही मागत नाही. आम्हाला ब्रेक व्हॅनमधली हक्काची, लेखी आणि जबाबदारीची जागा हवी आहे.

त्यासाठी आमच्या मागण्या अशा आहेत.

एक : सर्व क्षेत्रीय रेल्वेंना लागू होणारे एकच परिपत्रक काढावे. त्यात पोल व्हॉल्टच्या पोलाचे नाव स्पष्ट लिहावे. ५.२० मीटरपर्यंतच्या लांबीची मोळी, खेळाडूचे तिकीट आणि शाळा, विद्यापीठ किंवा संघटनेचे पत्र दाखवल्यावर, गाडी सुटण्याआधी ठरावीक वेळेपर्यंत लगेज म्हणून स्वीकारली जावी. परिपत्रक हिंदी-इंग्रजीबरोबरच राज्यांच्या भाषांतही असावे, म्हणजे मुलाला ते छापून पिशवीत ठेवता येईल आणि वेळ आली तर वाचून दाखवता येईल.

दोन : ज्या गाडीने खेळाडू जाईल त्याच गाडीने पोल जावेत. गाडी बदलायची असेल तिथे ते उतरवून घेण्यासाठी खेळाडूला ब्रेक व्हॅनपर्यंत जाऊ द्यावे. आमचे पोल आम्हीच उतरवतो, हमालाचीही गरज नाही. दार उघडणारा माणूस तेवढा हवा.

तीन : ब्रेक व्हॅनच्या आतल्या भिंतीला लांबीच्या दिशेने तीन-चार पट्टे किंवा कड्या बसवाव्यात, म्हणजे पोल मालाखाली दबणार नाहीत. खर्च किरकोळ आहे. सुरुवात सगळ्या गाड्यांत करावी असा आग्रह नाही. पतियाळा, भोपाळ, बंगळुरू, चेन्नई, भुवनेश्वर अशा खेळाच्या केंद्रांना जोडणाऱ्या गाड्यांपासून केली तरी चालेल.

चार : खेळाच्या साहित्याची भरपाई किलोवर न ठरवता त्याच्या किमतीवर ठरवावी, आणि किंमत जाहीर करण्याचा अर्ज पोल स्वीकारतानाच पुढे ठेवण्याची जबाबदारी कर्मचाऱ्याची असावी.

पाच : १३९ क्रमांकावर आणि रेल मदतवर खेळाडूंच्या साहित्यासाठी वेगळा पर्याय ठेवावा. मुलगी फलाटावर अडकलेली असताना तिला "सामान हरवले" आणि "कर्मचाऱ्याची वर्तणूक" यांतले काय निवडावे हे कळत नाही.

क्रीडा मंत्रालय आणि ॲथलेटिक्स महासंघ यांच्याकडे वेगळे मागणे आहे. खेळाडूने दाखवायच्या पत्राचा नमुना महासंघाने रेल्वेशी बोलून ठरवावा आणि जिल्हा संघटनांपर्यंत पोहोचवावा. शिवाय पुण्याच्या बालेवाडीसारख्या, जिथे वारंवार स्पर्धा होतात अशा मैदानांवर, वेगवेगळ्या लांबीच्या आणि वजनाच्या पोलांचा पुरेसा संच कायम ठेवावा. चार जुन्या पोलांनी भागणार नाही. संच पूर्ण असेल तर निदान कनिष्ठ गटातल्या मुलांना मोकळ्या हातांनी प्रवास करता येईल. वरिष्ठ खेळाडू आपलेच पोल नेतील, आणि त्यांनी तसेच करावे.

आशियात या खेळात काय घडते आहे तेही नोंदवतो. फिलिपिन्सच्या अर्नेस्ट जॉन ओबिएना याने २०२३ च्या बुडापेस्ट जागतिक स्पर्धेत सहा मीटर ओलांडून रौप्यपदक मिळवले आणि त्याच वर्षी हांगझोच्या आशियाई क्रीडा स्पर्धांत ५.९० मीटरवर सुवर्ण घेतले. इटलीत राहून सराव आणि युरोपभर स्पर्धा, असा त्याचा क्रम राहिला आहे. आपल्या मुलांपासून तिथवरचे अंतर मोठे आहे आणि ते केवळ रेल्वेमुळे आहे असे मी म्हणणार नाही. प्रशिक्षक, मैदाने, गाद्या, पोल, सगळ्याचीच वानवा आहे. पण हे अंतर स्पर्धा खेळूनच कापावे लागते, आणि प्रत्येक स्पर्धेआधी "पोल पोहोचेल ना?" या काळजीत रात्र काढलेला खेळाडू पूर्ण ताकदीने धावू शकत नाही. सप्टेंबर २०२६ मध्ये जपानच्या आयची-नागोयात आशियाई स्पर्धा आहेत, २०३० ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला भरणार आहे. २०३० मध्ये वीस-एकवीस वर्षांची असतील ती मुले आज शालेय स्पर्धांना निघताना आपल्याच गाड्यांत बसतात.

पावसाळा संपला की आमच्याकडे शालेय स्पर्धांचा हंगाम सुरू होतो. परिपत्रक त्याआधी निघावे आणि ते जाहीरपणे उपलब्ध व्हावे, अशी विनंती आहे. मोजमापासाठी, किंवा ब्रेक व्हॅनमध्ये पट्टे कसे बसवावेत हे पाहण्यासाठी पोल लागणार असतील, तर मी आणि माझे विद्यार्थी आमचे पोल घेऊन आपण सांगाल त्या कार्यालयात यायला तयार आहोत. येताना ते कोणत्या गाडीच्या कोणत्या डब्यातून आणावेत, एवढे मात्र आपण आधी लेखी कळवावे.

आपला विश्वासू,
पोल व्हॉल्टचा एक प्रशिक्षक व निवृत्त क्रीडाशिक्षक,
पश्चिम महाराष्ट्र